लिनक्स सगळ्यांचं, मग किल्ल्या कोणाकडे?

लिनक्सवर चालणारा सर्व्हर सुरू केला की आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत येतो, हार्डवेअर ओळखून घेतो आणि मग एकच प्रोग्राम सुरू करतो. त्या प्रोग्रामला प्रोसेस क्रमांक १ मिळतो. नेटवर्क, डेटाबेस, वेबसर्व्हर, लॉग-इनचा पडदा असं पुढे जे काही चालतं, ते सगळं या क्रमांक १च्या हाताखाली. तो कोसळला तर कर्नलही हात टेकतो आणि मशीन थांबतं. या प्रोग्रामला इनिट म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सुसे, आर्च या लिनक्सच्या सगळ्या तयार संचांत (त्यांना डिस्ट्रो म्हणतात) आज ही जागा सिस्टमडी नावाच्या एकाच प्रकल्पाकडे आहे. आणि तो प्रकल्प लिहिणाऱ्या मुख्य माणसांचे पगार मोजक्या कंपन्यांकडून येतात. सुरुवातीला प्रामुख्याने रेड हॅटकडून, पुढे तिच्या जोडीला मायक्रोसॉफ्ट आणि मेटा यांच्याकडूनही.

हे ऐकून काहींना कट दिसतो. काहींना वाटतं, कोड तर सगळ्यांसमोर उघडा आहे, मग घाबरायचं कशाला? या वादात गेली अनेक वर्षं इतका धुरळा उडाला आहे की मूळ यंत्रणा बाजूलाच राहिली. कंपनीचा प्रभाव नेमका कोणत्या वाटेने येतो, कुठे अडतो आणि कुठे अडत नाही, हे कळलं तर घाबरायचं कधी हेही कळतं.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स मालकीचा प्रश्न सोडवतं. कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. ताबा मात्र त्याच्याकडे जातो जो रोज काम करतो, आणि वर्षानुवर्षं रोज काम करायचं तर महिन्याला पगार लागतो. गृहनिर्माण सोसायटीत राहिलेल्यांना हे चटकन कळेल. शेअर सर्टिफिकेट प्रत्येकाकडे असतं, मत प्रत्येकाला असतं. पण हिशेब लिहिणारा, प्लंबरला फोन करणारा, गच्चीची किल्ली सांभाळणारा एकच असेल, तर सोसायटी कशी चालणार हे हळूहळू तोच ठरवायला लागतो. त्याने काही बळकावलेलं नसतं, बाकीचे सभेला आलेले नसतात.

इनिट बदलायची गरज कुठून आली

जुनं इनिट ज्या पद्धतीने चालायचं ती १९८०च्या दशकातल्या एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टम फाइव्हची. शेल स्क्रिप्टांची, म्हणजे आदेशांच्या छोट्या फाइलींची, एक रांग असायची, एक संपली की दुसरी. मशीन टेबलावर कायम जोडलेलं असण्याच्या काळात हे चालून गेलं. पुढे लॅपटॉप आले, मधेच लावायचे-काढायचे यूएसबी ड्राइव्ह आले, एका सर्व्हरवर शेकडो सेवा आल्या. एखादी सेवा मेली तर तिला पुन्हा उठवणं, तिने जन्माला घातलेल्या सगळ्या पोर-प्रोसेस शोधून बंद करणं जुन्या इनिटला धड जमत नव्हतं. प्रत्येक डिस्ट्रो आपापल्या स्क्रिप्टा लिहायची आणि प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असायच्या.

पहिला मोठा पर्याय २००६मध्ये उबुंटूबरोबर आला. त्याचं नाव अपस्टार्ट आणि तो उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने बनवला होता. तो इतका बरा होता की रेड हॅटने स्वतःच्या एंटरप्राइज लिनक्स ६मध्ये, म्हणजे २०१०मध्ये, तोच वापरला. पण अपस्टार्टला एक अट चिकटलेली होती. त्यात कोड द्यायचा तर आधी कॅनॉनिकलच्या करारावर सही करावी लागे, आणि त्या करारानुसार कंपनीला तुमचा कोड पुढे वेगळ्या, अगदी बंदिस्त लायसन्सखालीही देता येत असे. बाहेरच्या प्रोग्रामरांना, विशेषतः दुसऱ्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांना, हे पटणारं नव्हतं. अपस्टार्ट मुक्त होतं, तरी त्यावर बाहेरून काम करणारे हात कमी पडले. पुढे काय झालं ते समजून घ्यायला ही अट लक्षात ठेवावी लागते.

एप्रिल २०१०मध्ये रेड हॅटमधल्या लेनर्ट पॉटरिंग यांनी सिस्टमडीची कल्पना लिहून जाहीर केली. सोबत के सीव्हर्स होते. काही कल्पना अ‍ॅपलच्या लॉन्चडीवरून घेतल्याचं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. सगळ्या सेवांची सॉकेट, म्हणजे जोडणीची टोकं, आधीच उघडून ठेवायची म्हणजे सेवा एकमेकींची वाट न बघता एकदम सुरू होतात, ही त्यातली मुख्य. प्रोसेसचा हिशेब ठेवायला त्यांनी कर्नलमधली सीग्रुप्स ही सोय वापरली, आणि ती गूगलच्या इंजिनिअरांनी लिहून २००८च्या सुरुवातीला कर्नलमध्ये आलेली होती. म्हणजे हा वाद जिथून सुरू होतो तिथेच तीन-चार कंपन्यांचं काम एकमेकांत गुंफलेलं आहे. सिस्टमडीला सहीची अट नव्हती. लायसन्स एलजीपीएल, कोड लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच.

मे २०११मध्ये फेडोरा १५ने सिस्टमडी डिफॉल्ट केलं, पुढच्या वर्षी आर्चने. आणि मग सगळ्यांचं लक्ष डेबियनकडे लागलं.

डेबियनचं मतदान

डेबियन ही कंपनी नाही. जगभरातले सुमारे हजार स्वयंसेवक ती चालवतात, तिची घटना आहे, निवडणुका होतात. उबुंटू तिच्यावर उभं आहे. आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्सही तिच्यावरच उभी आहे. त्यामुळे डेबियनचा निर्णय म्हणजे अर्ध्या लिनक्स जगाचा निर्णय.

तांत्रिक समितीत आठ जण होते. कित्येक महिने हजारो मेल्सची चर्चा चालली. फेब्रुवारी २०१४मध्ये मतं पडली: सिस्टमडीला चार, अपस्टार्टला चार. समितीचे अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी निर्णायक मत सिस्टमडीच्या पारड्यात टाकलं. काही दिवसांतच कॅनॉनिकलचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की उबुंटूही सिस्टमडीकडे येईल. स्वतःच्या कंपनीने आठ वर्षं वाढवलेला प्रकल्प त्यांनी सोडला. एप्रिल २०१५च्या उबुंटू १५.०४मध्ये ते बदललंही.

'रेड हॅटने डेबियन ताब्यात घेतलं' असं म्हणणाऱ्यांनी त्या समितीची रचना जरूर बघावी. आठांपैकी दोघे तेव्हा कॅनॉनिकलमध्ये नोकरीला होते आणि दोघांनीही अपस्टार्टला मत दिलं. रेड हॅटचा पगारी माणूस त्यांत एकही नव्हता. म्हणजे थेट हितसंबंध मोजायचे तर पराभूत बाजूकडेच जास्त होते. सिस्टमडीला मत देणाऱ्यांनी लांबलचक तांत्रिक कारणं लिहून ठेवली आहेत आणि ती आजही कोणालाही वाचता येतात. मी ती वाचली आहेत. त्यांत मला कुठे लाचारी दिसली नाही, दिसला तो अभ्यास.

मग प्रभाव पडलाच नाही का? पडला. फक्त तो मतपेटीजवळ पडला नाही, तिच्या कितीतरी आधी पडला.

अवलंबित्व कसं तयार होतं

कर्नलला नवीन उपकरण दिसलं की त्याची नोंद घेणारा एक प्रोग्राम असतो, यूडेव्ह. तो सगळ्या डिस्ट्रो वापरत होत्या, सिस्टमडी असो वा नसो. एप्रिल २०१२मध्ये यूडेव्हचा कोड सिस्टमडीच्या कोडमध्ये विलीन झाला. तो वेगळा काढून वापरणं तेव्हाही शक्य होतं, पण ते सोपं राहील याची जबाबदारी आता कोणावर नव्हती. जेंटू या डिस्ट्रोच्या लोकांनी त्याच वर्षी वेगळी फांदी काढली, म्हणजे फोर्क केला, इयूडेव्ह.

दुसरं उदाहरण ग्नोम डेस्कटॉपचं, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेन्यूंचं. एका मशीनवर कोण लॉग-इन आहे, लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय करायचं, या गोष्टी पूर्वी कन्सोलकिट नावाचा स्वतंत्र प्रोग्राम बघायचा. सिस्टमडीत लॉगिनडी नावाने त्याहून चांगली सोय तयार झाली आणि कन्सोलकिटची देखभाल थांबली. ग्नोमचे मुख्य प्रोग्रामरही मोठ्या संख्येने रेड हॅटमध्येच होते. त्यांनी साहजिकच जिवंत प्रकल्प निवडला. आता डेबियनला ग्नोम नीट चालवायचा तर लॉगिनडी हवं, आणि लॉगिनडी हवं तर सिस्टमडी हवं किंवा त्याची नक्कल करणारं काहीतरी स्वतः लिहून सांभाळायला हवं.

यातलं एकही पाऊल घ्या, ते समजण्यासारखं आहे. ज्याच्या टेबलावर दोन प्रकल्प असतात तो ते जोडतो, कारण त्याचे कष्ट वाचतात. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचा प्रोग्राम वापरणं सोपं जातं. पण ही समजण्यासारखी पावलं एकाच कंपनीच्या छताखाली एकामागून एक पडत गेली की बाहेरच्याला निवड उरते ती फक्त कागदावर. डेबियनच्या समितीपुढे प्रश्न आला तेव्हा 'कोणतं इनिट चांगलं' याच्या मागे 'दुसरं निवडलं तर पुढची दहा वर्षं बाकीचा भार उचलायला माणसं कुठून आणायची' हा प्रश्न उभा होता.

ऑक्टोबर २०१४मध्ये डेबियनच्या इयन जॅक्सन यांनी ठराव आणला की कोणत्याही पॅकेजने एकाच इनिटवर अवलंबून राहू नये. नोव्हेंबरच्या मतदानात तो मंजूर झाला नाही आणि त्यांनी तांत्रिक समिती सोडली. त्याच महिन्यात काही जणांनी डेव्हुआन नावाची सिस्टमडीविरहित डिस्ट्रो जाहीर केली. तिची पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडला. डेबियनची ज्या आवृत्तीवरून ती बनली होती, ती एप्रिल २०१५मध्येच आली होती. दोन वर्षांचं हे अंतर डेव्हुआनच्या लोकांच्या निष्ठेबद्दल काही सांगत नाही, त्यांच्याकडे किती पगारी तास होते एवढंच सांगतं. फोर्क करण्याचा हक्क लायसन्सने दिला. फोर्क जगवायचं बळ लायसन्स देत नाही.

डेव्हुआन आजही आहे, अल्पाइन ही डिस्ट्रो ओपनआरसी या इनिटवर चालते, व्हॉइड रनइटवर. पर्याय संपलेले नाहीत आणि ते टिकवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. ग्नोमसारखे मोठे प्रकल्प पूर्ण सिस्टमडीशिवाय चालत आले त्याचं श्रेय लॉगिनडी बाहेर काढून ईलॉगिनडी म्हणून सांभाळणाऱ्या मूठभर लोकांना जातं.

कर्नलमध्ये हे का झालं नाही

कर्नलवरही कंपन्यांचंच राज्य आहे, किंबहुना जास्त. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालात कर्नलच्या कामातला इंटेलचा वाटा साधारण १३ टक्के होता, रेड हॅटचा ७च्या आसपास. कोणाच्याही पगाराशिवाय आलेलं काम जेमतेम ८ टक्के. २००९मध्ये मायक्रोसॉफ्टने आभासी मशीन चालवणाऱ्या स्वतःच्या हायपर-व्हीसाठी सुमारे २० हजार ओळींचा कोड कर्नलला दिला आणि २०१६मध्ये ती फाउंडेशनची सदस्यही झाली. लिनक्स सुरू करणारे लिनस टॉर्वाल्ड्स यांचा पगार याच फाउंडेशनकडून येतो, आणि फाउंडेशनला पैसा कंपन्यांकडून.

तरीही कर्नलमध्ये एका कंपनीला रेटून नेणं फार अवघड जातं. एप्रिल २०१४मध्ये सिस्टमडीतल्या एका गोष्टीमुळे कर्नलचं डीबगिंग करताना मशीन सुरूच होईना. सिस्टमडीच्या बाजूने दुरुस्तीला टाळाटाळ झाली, तेव्हा टॉर्वाल्ड्स यांनी जाहीरपणे सांगितलं की सीव्हर्स यांचा कोड यापुढे घेणार नाही. त्याच सुमाराला प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याची डी-बस ही यंत्रणा थेट कर्नलमध्ये आणायचा केडीबस नावाचा प्रयत्न झाला. मागे वजनदार माणसं होती, स्थिर कर्नल सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमनसुद्धा. इतर मेंटेनरांनी, म्हणजे कोड तपासून आत घेणाऱ्यांनी, रचनेवर, सुरक्षेवर, वेगावर प्रश्न विचारले, समाधान झालं नाही, आणि २०१५च्या अखेरीस तो प्रयत्न मागे घेतला गेला.

फरक दोन गोष्टींचा आहे. एक, इंटेल, एएमडी, गूगल, रेड हॅट, सुसे, ओरॅकल, हुआवे अशा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांना कर्नल सारखाच लागतो. कोणालाच तो दुसऱ्याच्या खिशात जाऊ द्यायचा नसतो. दुसरं, कोड आत घ्यायचा की नाही हे ठरवणारी माणसं अनेक कंपन्यांत पसरलेली आहेत, आणि नोकरी बदलली तरी मेंटेनर मेंटेनरच राहतो. कंपनीला इंजिनिअर कामावर ठेवता येतो, त्याच्याबद्दलचा विश्वास नाही.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे, आणि ती ऑक्टोबर २०२४मध्ये उघड झाली. रशियन कंपन्यांशी संबंध असलेल्या दहा-बारा मेंटेनरांची नावं कर्नलच्या यादीतून एका छोट्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या बदलाने, काढली गेली. कारण निर्बंधांच्या कायद्याचं पालन. फाउंडेशन अमेरिकेत नोंदलेलं, बहुतेक कंपन्या तिथल्या, तेव्हा कायदाही तिथला लागू होतो. कोडला देश नसतो हे खरं असलं तरी कोड आत घेणाऱ्या संस्थेला देश असतो. भारतासारख्या देशाने या घटनेकडे जितक्या गांभीर्याने बघायला हवं होतं तितकं बघितलं गेलं नाही, असं माझं मत आहे.

लायसन्स न मोडता दार कसं लोटलं जातं

सिस्टमडीच्या गोष्टीत कंपनी फारशी आदेश देताना दिसत नाही. सेंटओएसच्या गोष्टीत दिसते.

सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या विकाऊ डिस्ट्रोचा सोर्स कोड घेऊन बनवलेली, जवळपास तशीच, फुकट डिस्ट्रो. जगभरातल्या होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, प्रयोगशाळा तिच्यावर चालत. जानेवारी २०१४मध्ये सेंटओएसची टीम रेड हॅटमध्ये आली. तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं, आता पैसा मिळेल, सुरक्षेचे पॅच लवकर येतील. जुलै २०१९मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला विकत घेतलं. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की सेंटओएस ८ बंद होणार. लोक ती २०२९पर्यंत चालेल या हिशेबाने बसवत होते. मुदत आली ती ३१ डिसेंबर २०२१ची.

त्यानंतर रॉकी आणि अल्मा या दोन डिस्ट्रो उभ्या राहिल्या. अल्मा पुढे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनेही स्वीकारली. जून २०२३मध्ये रेड हॅटने दुसरं पाऊल टाकलं: एंटरप्राइज लिनक्सचा नेमका सोर्स कोड आता फक्त ग्राहकांच्या पोर्टलवर. यात जीपीएल या मुक्त लायसन्सचा भंग होतो का? जीपीएल सांगते की ज्याला तुम्ही चालता प्रोग्राम दिला, त्याला सोर्स द्या. ग्राहकाला तो मिळतो. ग्राहक तो पुढे वाटू शकतो का? लायसन्सनुसार हो. पण ग्राहकाचा कंपनीशी वेगळा करारही असतो, आणि सोर्स पुढे वाटणाऱ्याचं सबस्क्रिप्शन कंपनी त्याखाली थांबवू शकते. म्हणजे या प्रतीवरचा तुमचा हक्क अबाधित, पुढची प्रत मिळेल याची खात्री नाही. बहुतेक वकिलांच्या मते हे लायसन्सच्या अक्षराला धरून आहे. त्याच्या हेतूला धरून आहे असं मला वाटत नाही. इतरांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिलेलं कितीतरी काम त्या पॅकेजांत आहे.

रेड हॅटची बाजूही सांगायला हवी. त्या कंपनीचा नियम आहे की केलेली दुरुस्ती आधी मूळ प्रकल्पाला द्यायची, आणि ती तो पाळते. जीलिबसी, जीसीसी, ग्नोम, वेलँड, फेडोरा या सगळ्या प्रकल्पांत तिच्या पगारावर झालेलं काम काढून टाकलं तर फार थोडं उरेल. लिनक्सवर मराठी वाचताना अनेक वर्षं जो फॉन्ट समोर यायचा तो लोहित देवनागरी, आणि तो याच कंपनीच्या पैशावर उभा राहिला. पुण्यातल्या तिच्या केंद्रातून भारतीय भाषांच्या आधारावर मोठं काम झालं. नफ्याचा विचार आधी केला असता तर मराठी जोडाक्षरं नीट दिसावीत यासाठी कोणी पगार दिला नसता. हे मी कृतज्ञतेने लिहितो आहे. पण कृतज्ञता आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही असं नसतं. उलट, एवढं काम एकाच ठिकाणी साठलं आहे म्हणूनच तो विचारायचा.

कंपनी नसेल तर?

काहींना वाटतं, गाभ्याच्या घटकांपासून कंपन्यांना लांब ठेवा, प्रश्न मिटला. २९ मार्च २०२४ची घटना त्याला उत्तर आहे.

एक्सझेड ही फाइल लहान करणारी छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड), जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. ती कोणत्याही कंपनीच्या हातात नव्हती. एक माणूस मोकळ्या वेळात, बिनपगारी, वर्षानुवर्षं ती सांभाळत होता. तो थकला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, खरोखर उपयोगी पॅच देत मदत केली, विश्वास मिळवला, मेंटेनर झालं आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो उघडायचा एसएसएचमध्ये, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या मुख्य दारात.

एसएसएचचा एक्सझेडशी संबंध काय? मुळात काहीच नाही. पण डेबियन आणि फेडोरासारख्या डिस्ट्रो एसएसएच सुरू झाल्याचं सिस्टमडीला कळावं म्हणून त्यात सिस्टमडीची लायब्ररी जोडत. ती लायब्ररी एक्सझेडला ओढून आणत असे. वर सांगितलेली समजण्यासारखी पावलं ती हीच. सोयीसाठी जोडलेली एक कडी, तिच्यामागे दुसरी, आणि शेवटच्या टोकाला एक दमलेला एकटा माणूस.

चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना. एसएसएचला अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे याचा ते माग काढत गेले. ते पोस्टग्रेस डेटाबेसचे प्रोग्रामर, आणि नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. अर्ध्या सेकंदामागे दिवस घालवण्याची मुभा ज्याला नोकरीने दिली होती, असा एक कुशल माणूस तिथे होता म्हणून सगळे वाचलो.

तेव्हा पगार हा शत्रू नाही. एकाच खिशातून येणारा पगार धोक्याचा, आणि कुठूनच न येणारा पगार त्याहून धोक्याचा.

याची जाण काही ठिकाणी दिसते. जर्मन सरकारने २०२२मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. त्यातून गाभ्याच्या मुक्त प्रकल्पांना थेट पैसा जातो, ग्नोमला २०२३मध्ये दहा लाख युरो मिळाले. भारतात झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला दहा लाख डॉलर, आणि तो जगातल्या कुठल्याही मुक्त प्रकल्पाला खुला आहे. सरकारी पातळीवर मात्र आपलं धोरण, २०१५चं, मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याबद्दल आहे. ज्या प्रकल्पांवर देशाची कार्यालयं चालतात त्यांत भारतीय मेंटेनर वर्षानुवर्षं पगारावर बसवायचा, हे काम अजून कोणत्याही मंत्रालयाने आपलं मानलेलं नाही. बॉस लिनक्ससाठी डेबियन घेतलं, तेव्हा डेबियनने २०१४मध्ये जे ठरवलं तेही आपसूक घेतलं. त्या चर्चेत आपल्या बाजूने बोलायला माणूस असता तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण आपल्याला काय हवं आहे याची नोंद तरी झाली असती.

तुम्ही स्वतः सर्व्हर सांभाळत असाल, कॉलेजात लिनक्स शिकवत असाल किंवा ऑफिससाठी डिस्ट्रो निवडत असाल, तर एखाद्या घटकाची तपासणी करायला अर्धा तास पुरतो. प्रकल्पाचं गिट, म्हणजे बदलांच्या नोंदींसह कोड, उतरवून घ्या आणि गेल्या दोन वर्षांत कोड देणाऱ्यांच्या ईमेलचे पत्ते बघा, कोणत्या कंपन्या किती. मग त्याहून महत्त्वाचं, कोड आत घेण्याचा अधिकार किती जणांकडे आहे आणि ते कुठे नोकरी करतात ते बघा, कारण देणारे शंभर असले तरी घेणारे तिघेच असू शकतात. कोड देण्याआधी एखाद्या कंपनीच्या करारावर सही मागतात का, नावाचा ट्रेडमार्क कोणाचा, सर्व्हर आणि बिल्डची यंत्रणा कोणाच्या बिलावर चालते, तेही बघा. सिस्टमडी या तपासणीत २०१४पेक्षा आज बरं ठरतं. कोड आत घेणारे आता अनेक कंपन्यांत आहेत आणि काही जण कोणत्याच कंपनीचे नाहीत. पॉटरिंग स्वतः २०२२मध्ये रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, तरी प्रकल्प कोणा एकाच्या मागे गेला नाही. मग हीच तपासणी तुमच्या सर्व्हरवरच्या त्या लहान लायब्रऱ्यांवर करा ज्यांची नावंही कोणी घेत नाही. तिथे यादीत एकच पत्ता निघेल, बहुधा घरचा, आणि शेवटचा बदल रात्री दोन वाजता केलेला असेल. तो प्रकल्प तुमच्या कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये लिहा.